माऊस तेवढा राहिला

गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा म्हणूनच विशीतला अनेकांत एमआयडीसीत पत्रा कापायच्या मशीनवर कामाला लागला होता. कुठला प्रोसेसर, कुठलं ग्राफिक कार्ड, सगळं त्यानं राजारामपुरीतल्या फराजच्या दुकानात कधीच पसंत करून ठेवलं होतं. आज मात्र त्याचे वडील तात्यासो एकटेच आले.

"कंपनीनं पैसं दिल्यात. त्यानं सांगितलंय तसंच सगळं बसवा."

"एवढा बोनस? जोरात हाय की पठ्ठ्या!"

फराजनं खुशीत एकेक पार्ट काढला. शेवटी दुकानातला सगळ्यात भारी माऊस पुढं ठेवला.

तात्यासोंनी तो हातात धरून बघितला आणि परत सरकवला.

"डाव्या हाताचा दाखवा."

"अनेकांत डावखुरा हाय व्हय? कधी ध्यानात आलं न्हाय."

"आता व्हायला लागंल."