तिसऱ्या घरातले पाहुणे

मीटरवाल्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिसऱ्या महिन्यात. गल्लीतल्या दहा घरांपैकी सात घरं "या भिकार शहरात राहिलंय काय?" असं म्हणत कुलूप लावून निघून गेली होती, तरी त्या सातही घरांचे पाण्याचे मीटर पळत होते. तेही दर महिन्याला प्रत्येकी बरोब्बर तीन युनिट! कोणीतरी चोरून राहतंय, नाहीतर पाणी विकतंय, अशी त्याची खात्रीच झाली. आज रंगेहाथ पकडायचंच, म्हणून तो भल्या सकाळी शेवटच्या बंद घराच्या भिंतीआड दबा धरून बसला.

फाटक करकरलं. शेजाऱ्यांनी विश्वासानं सोपवलेल्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आत आल्या आणि नळ सोडून सुकलेल्या बागेला पाणी घालू लागल्या.

"बाई, तुम्ही?"

बाई दचकल्या, पण नळ काही त्यांनी बंद केला नाही. "निम्म्याहून जास्त मीटर थांबले की अख्ख्या गल्लीचं पाणी तोडायचं, असा नियम काढलाय ना तुझ्या ऑफिसनं? मुलगा रोज म्हणतोय, माझ्याकडे राहायला ये, पण मला इथंच राहायचंय. जा, कर माझी तक्रार!"

त्यानं वही उघडली, सातही घरांचे आकडे पुन्हा एकदा पाहिले आणि वही मिटली.

 

"बाई, सगळीकडे सारखेच आकडे आले तर साहेबांनाही संशय येईल. पुढच्या महिन्यात तिसऱ्या घरात पाहुणे येऊ द्या."