चौथाई बिल

“वहिनी, हे बघा! सॉफ्टवेअरचं बिल चौथाईवर आणून दाखवलं.”

आईच्या आजारपणातून महिन्याने मी आज कामावर आले होते. आमचा सलाइन आणि सुया पुरवायचा धंदा मोजक्या हॉस्पिटलांवर चालतो. ऑर्डर त्यांच्या कॉम्प्युटरवरून आमच्या कॉम्प्युटरवर येते आणि आमच्याकडून लगेच पोचपावती जाते. हे निरोप पोचवणारी मधली सॉफ्टवेअर कंपनी दर निरोपाचे पैसे लावते.

“केलंत काय, भाऊजी?”

“पोचपावत्या बंद केल्या. माल तर पाठवतोच ना आपण? मग तो नसता सोपस्कार कशाला?”

“पण पावत्या बंद केल्या तर बिल निम्मं व्हायला हवं. चौथाई कसं झालं?”

“कमी झालं ना? मग उगाच कीस काय पाडताय!”

मी कॉम्प्युटरवर ऑर्डरींची यादी उघडली. उरलेले निरोप म्हणजे नुसत्या ऑर्डरी होत्या, आणि त्याही निम्म्यावर आल्या होत्या. मी आमच्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“काका, तुमच्या ऑर्डरी का थांबल्या?”

“अहो, लागोपाठ दोन पावत्या आल्या नाहीत की आमचा कॉम्प्युटर पुरवठादाराचं नाव आपोआप काढून टाकतो. काल साहेबांनी दुसऱ्यांशी वर्षाचा करार केला. आम्हाला वाटलं, तुम्ही धंदा गुंडाळलात.”

भाऊजी खुर्चीत बसले.

पलीकडून काका जरा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “इतक्या वर्षांचा संबंध, ताई. एक निरोप तरी पाठवायचा होतात.”