कादंबरीचा शेवट

परदेशीपुऱ्यातली मिल बंद पडल्यापासून किसनचा संध्याकाळचा एकच नेम होता. बायकोने, गयाबाईने, समोर बसून लायब्ररीतली कादंबरी मोठ्याने वाचायची, रेडिओवर आवडीचं गाणं लागलं की तेही सोबत म्हणायचं, आणि त्याने तिच्याकडे एकटक बघत ऐकायचं.

"बाबा, कादंबरी काय आईच्या तोंडावर छापली आहे?" लेक मैत्री चिडवायची.

गयाबाई आजारी पडली, तेव्हा तिने कादंबरीची उरलेली पानं त्याच्यासाठी कॅसेटवर वाचून ठेवली.

ती गेल्यावर मैत्रीने कॅसेट लावली. किसन नुसताच टेपकडे बघत राहिला. मैत्रीने समोर येऊन विचारलं, "आवाज वाढवू का, बाबा?"

 

"राहू दे, बेटा. कान तर मिलमध्येच गेले होते, तिला कधी कळू दिलं नाही. मी तिचे ओठ बघून ऐकायचो."