पुढचं चाक

"क्लच सोडा म्हणतोय ना! सोडा!" मास्तर ओरडले.

तिने तो घाबरत घाबरत सोडला. मोटारसायकलने उचकी लागल्यासारखे दोन हिसके दिले आणि बंद पडली. पुढचं चाक होतं तिथेच, जमिनीला. तिने टाकीवर अशी काही मूठ आपटली की मास्तर दोन पावलं मागे सरकले.

"ताई, गाडीने तुमचं काय घोडं मारलंय?"

 तिने पुन्हा गाडी सुरू केली.

वय शेहेचाळीस. गेली बारा वर्षं ती एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होती. सकाळची पाळी संपली की ती बंद कारखान्यामागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर यायची. पुढचं चाक हवेत उचलून गाडी कशी पळवायची, हे मास्तर तिथे शिकवायचे. शिकणारे सगळे विशीतले. ती पहिल्यांदा आली तेव्हा सगळे गालातल्या गालात हसले होते. मास्तरांनी तर सरळ नाहीच म्हटलं होतं.

"या वयात हे कशाला, ताई?"

"एकाने भर रस्त्यात चाक उचललं आणि एका पोरीला उडवलं. म्हणतो, गाडी हळू होती, चाक आपोआप उचललं गेलं. वर गेल्यावर म्हणे समोरचं दिसत नाही, ब्रेकही लागत नाही. खरं बोलतोय का, ते मला बघायचंय."

"मला विचारा ना. मी सांगतो."

"सांगणारे पुष्कळ भेटले. मला स्वतःला बघायचंय."

 मास्तरांनी आपली लाल, सहाशे सीसीची गाडी बाहेर काढली.

"अशीच होती?"

"अशीच."

रोज दोन तास. पहिला गिअर, रेस, क्लच दाबायचा, झटक्यात सोडायचा. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, तो मेलात तरी काढायचा नाही. दोनदा ती पडली. कोपर सोललं, मांडी काळीनिळी झाली. चाक काही उठेना. शिव्या ती हेल्मेटच्या आत देत होती, तरी मास्तरांना ऐकू जात होत्या. त्यांना वाटायचं, आपल्यालाच देतेय.

तिथून ती इस्पितळात जायची. पोरगी बावीस वर्षांची होती, घरोघर पार्सलं पोचवायची. आता दोन्ही पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. ती आली की पोरीची आई पाळी बदलल्यासारखी उठून बाहेर जायची. मग ती पोरीचे केस विंचरायची, उशी सारखी करायची.

"रोज कशाला दगदग करता, काकू?" पोरगी म्हणाली. "हाताला काय लागलं?"

"काही नाही. कामावर खरचटलं."

"डॉक्टर म्हणाले, डावा पाय जरा आखूडच राहणार."

कंगवा तिच्या हातात कडकन मोडला. दोघींनी तुकड्यांकडे पाहिलं. पोरीला उगाचच हसू आलं. तिला नाही आलं.

घरी नवरा वाटच बघत होता. "पुरे झालं आता. आपण काही बोलायचं नाही, वकिलांनी सांगितलंय ना? जे बोलायचं ते तेच बोलतील."

"का? मला काय तोंड नाही?"

"तू तमाशा केलास म्हणून त्या पोरीचे पाय बरे होणार आहेत का?"

तिने हातातलं पातेलं ओट्यावर असं आदळलं की झाकण घरंगळत पार दारापर्यंत गेलं.

"हळू," नवरा आतल्या बंद दाराकडे बघत पुटपुटला. "झोपमोड होईल."

"लागते झोप?" ती म्हणाली आणि न जेवता उठली.

एकोणिसाव्या दिवशी चाक उचललं गेलं. हातभर वर आलं, धपकन खाली. मग छातीएवढं, आणि टिकलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मास्तरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. ती मात्र गाडी वळवून त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"आता तुम्ही मध्ये उभे राहा."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"मग ते पिंप ठेवा. कुठे, ते मला सांगू नका."

तिने पाठ फिरवली. मास्तरांनी रिकामं पिंप पट्ट्यावर कुठेतरी मध्येच उभं केलं आणि पोरांना बाजूला काढलं. ती लांबून निघाली, चाक वर घेतलं. टाकीच्या बाजूने रस्त्याची कड दिसत होती, झुडपं दिसत होती, आणि पिंपही दिसलं. चांगलं लांबूनच, त्याच्यावरच्या गंजासकट. तिने उजवा पाय दाबला. चाक अलगद खाली आलं. मग तिने दोन्ही ब्रेक धरले. पिंपापासून चार हातांवर गाडी थांबली.

"दिसतं!" ती किंचाळली. हेल्मेट काढून तिने सिमेंटवर भिरकावलं. "सगळं दिसतं, मास्तर! थांबवता येतं!"

मास्तर हसत पुढे येत होते. तिचा चेहरा बघून जागीच थांबले.

त्याच दुपारी ती पोलीस ठाण्यात गेली. खरचटलेले हात टेबलावर ठेवून तिने सगळं सांगितलं. चाक आपोआप उचललं जात नाही, मला एकोणीस दिवस लागले. समोरचं दिसतं. ब्रेक लागतो. त्याने लिहून दिलेला शब्द न् शब्द खोटा आहे. मास्तरही येऊन सांगायला तयार आहेत. ठाण्यात नवीनच बदलून आलेला अंमलदार मान खाली घालून भराभर लिहीत होता. मध्येच एकदा तो म्हणाला, "तुमचा राग मी समजू शकतो, बाई. आपलं माणूस आहे."

"हो," ती म्हणाली.

तिने सही केली. अंमलदाराने कागद आपल्याकडे ओढला. "एक रकाना राहिला. त्या मुलीशी तुमचं नातं काय लिहू?"

"मुलीशी काही नाही," ती म्हणाली. "आरोपीशी लिहा. आई."