डबीवरचं बाळ

बेलभंडारा उचलून सांगते, यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटा निघाला तर माझी जीभ तव्यावर भाजून कुत्र्याला घाला. घोडेगावच्या बाजारात केशरबाई तिच्या पालात बसली हुती आन् तिच्या म्होरं लंकाबाई उभी हुती. लंकाबाईच्या हातात घुटीची रिकामी डबी हुती. काखंत पोर न्हवतं.

"माझा गेला गं आक्का," लंकाबाई म्हनली. "आमुशेच्या आदल्या दिवशी."

केशरबाईनं तिच्याकडं पाह्यलं न्हाई. डबीवरच्या चित्राकडं पाह्यलं. चित्रात तिचाच गोरख बसला हुता. मांडीला वळ्या, डोक्याला कुंची, गालाला काळी तीट.

ही डबी म्हंजी तिच्या नवऱ्याची, कानिफनाथाची करामत. घुटीच्या मुळ्या काय, कुनाच्या बी घरात असायच्या. येखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा. त्या इकत कोन घेतंय? पर लढाईच्या दिसांत कानिफनाथ नगरला एका साबनाच्या यापाऱ्याकडं हमालीला हुता. थितं त्यानं एक गोष्ट हेरली. साबन समदा सारखाच, पर ज्याच्या कागदावर मुखडा, तो आधी खपतो.

"लोक मुळ्या घेत न्हाईत," तो बायकोला म्हनला, "भरवसा घेत्यात. आन् भरवशाला तोंड लागतं. रुपयावर राजाचं तोंड हाय, म्हनून तर चालतुया."

मग गोरखचा फोटू काढला. छापखान्यातनं लेबलं आनली. नाव ठिवलं गोरखबाळ घुटी. घोडेगाव, बेलापूर, श्रीगोंदा, असे ठरलेले बाजार. जागा तीच, पालाचं कापड लाल, आन् डब्यांच्या मधोमध खुद्द गोरख बसवलेला. बाया आधी त्याचा गाल वढायच्या, मग कनवटीला हात घालायच्या. घुटीचं नाव असं गाजलं की एकानं ती रेड्याला पाजली, तर रेडा नांगरासकट पळाला तो राहुरीला घावला.

मग गोवर आला आन् गोरखला घिऊन गेला.

पोराला ओढ्याच्या काठी मातीत ठिवून कानिफनाथ घरी आला आन् दार लावून घेतलं. केशरबाईनं हंबरडा फोडाया तोंड उघडलं, तर त्यानं त्या तोंडावर हात ठिवला. त्याचेच डोळे वाहत हुते. "रडायचं न्हाई," तो म्हनला. "ज्या घुटीवरचं पोरच मेलं, ती घुटी कोन घील? मग आपुन बी मेलोच." गावात बोभाटा व्हायच्या आत त्यांनी गाव सोडलं. नगरला एका अनोळखी आळीत बिऱ्हाड केलं.

बाजारात बाया इचारायच्या, "गोरख कुठाय गं आज?"

"आज्जीकडं हाय," केशरबाई म्हनायची.

"दात आले का?"

"आले की. चावतुया मेला."

"चालाया लागला आसंल आता."

"चालतुया कसला, पळतुया."

असा गोरख त्या पालात वाढत राह्यला. कुनी त्याला अंगडं आनायची, कुनी चुरमुऱ्याचा लाडू, एकीनं तर चांदीचा करदोडा आनला. केशरबाई समदं घ्यायची आन् घरी जाऊन गाठोड्यात बांधून ठिवायची. तिकडं गाठोडं फुगलं, हिकडं डब्या खपल्या. कानिफनाथ म्हनायचा, बग, आपला गोरखच आपल्याला पोसतुया. ती गाठोड्याची गाठ आवळायची.

आन् आज म्होरं ही लंकाबाई.

"तुझ्या डबीत खोट न्हाई आक्का," ती म्हनली. "तुझा गोरख बग, कसा पळतुया. खोट माझ्याच हातात. सहानेवर मुळी फिरवताना एखांदा येढा कमी पडला आसंल. सासू म्हनती, समद्या बाजाराची पोरं जगली, तूच तुझं खाल्लंस. आता नांदवत न्हाईत. दुसरी बघून ठिवलीया." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू यवढंच सांग, मी कुठं चुकले? म्हंजी जिवाला बरं वाटंल."

कानिफनाथ मागं डब्या रचत हुता. त्याचा हात थांबला. शेजारी उभ्या बायांनी बी कान टवकारले. त्यांतच लंकाबाईची सासू हुती, डोईवर पाटी घिऊन.

केशरबाई उठली. लाल कापडाखालनं भाईर आली. लंकाबाईचे दोन्ही हात धरले आन् समद्यांना ऐकू जाईल असं म्हनली, "तू कुठं बी चुकली न्हाईस. माझा गोरख बी गेला. हीच घुटी पीत पीत गेला."

बाजार गप झाला. गप म्हंजी किती, तर इकाया आनलेल्या म्हशींनी रवंथ थांबवलं. मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. केशरबाईचं इतक्या दिसांचं अडलेलं रडू, ते काय लवकर थांबतंय? कानिफनाथानं मुकाट्यानं पाल उतरवलं. सासूनं पाटी खाली ठिवली, सुनंचा हात धरला आन् तिला घरी घिऊन गेली.

आसं झालं. समदं खरं हाय. त्यात एक बारीकशी गोष्ट तेवढी मी पदरची घातली, ती सांगून टाकते. केशरबाई उठली म्हनले ना, ती उठली न्हाई. बसल्या जागेवरनंच तिनं नवी डबी लंकाबाईच्या हातात ठिवली आन् म्हनली, "पुढल्या येळी दोन येढे जास्त दे."