तुतीचे डाग

"शी, शी, शी!" लाँड्रीवालीने दोरीवरची चादर ओढून काढली. सकाळपासूनची ही चौथी. पांढऱ्याशुभ्र चादरीवर मधोमध जांभळा शिंतोडा. पाखरांनी तुती खायच्या आमच्या झाडावरच्या आणि हगायचं हॉटेलच्या चादरीवर! हॉटेलच्या मॅनेजरने कालच बजावलं होतं, आणखी एक डागाळलेली चादर आली तर कपडे दुसरीकडे देणार. आणि हॉटेल गेलं की लाँड्रीला टाळंच लावायचं.

खाली तर बघवत नव्हतं. अंगणभर पिकलेल्या तुती पडून फुटलेल्या. त्यांचा काळपट रेंदा, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या, मुंग्यांच्या रांगा, आणि वास असा आंबूस की सकाळचा चहा वर यावा. पाऊल टाकावं तर चप्पल चिकटायची, उचलावं तर फच्च आवाज. झाडून काढलं तरी तासाभरात पुन्हा तेच.

आणि या सगळ्या घाणीत, अगदी मधोमध, तिचे सासरे बसलेले. पांढरा पायजमा घालून. जमिनीवर.

झाड त्यांचंच. वीतभर काडी खोचली होती म्हणे, तिचं हे एवढं धूड झालं. थंडीत पानं गळली की छाटणी, बुंध्याभोवती आळं, आळ्यात पाचोळा. साबणाचं पाणी मुळाशी जाऊ नये म्हणून त्यांनी लाँड्रीची अख्खी नाली वळवून घेतली होती. पोटच्या पोराचं केलं नसेल एवढं त्या झाडाचं केलं. तेही एक वेळ ठीक. पण तुती पिकायला लागल्यापासून या माणसाने नवीनच थेर काढलं होतं. खुर्ची टाकून दिली तरी खुर्चीत बसायचं नाही. जिथे रेंदा जास्त, नेमकं तिथेच फतकल मारायचं. उठले की पायजम्याची मागची बाजू लाल-जांभळी. ज्याने चाळीस वर्षं लोकांचे डाग काढले, त्याने म्हातारपणी असं लडबडून फिरावं! आणि तेही गिऱ्हाइकांसमोर! एक बाई तर परवा नाकाला रुमाल लावून पायरीवरूनच परत गेली.

"तुतीत बसलो गं," असं म्हणून रोज संध्याकाळी ते ओशाळं हसत पायजमा पुढे करायचे. ती तो दोन बोटांच्या चिमटीत धरायची, तोंड फिरवायची आणि तसाच बोळा ब्लीचच्या बादलीत टाकायची. उलगडून बघायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. तिने काय कमी काढलं होतं? सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं दोन वर्षं तिनेच केलं होतं, नाक दाबून, ओकाऱ्या गिळून. त्या गेल्या तेव्हा तिने सगळ्यांसमोर हात जोडले होते. "आता पुन्हा कुणाचं असलं काही माझ्याच्याने होणार नाही. आधीच सांगून ठेवते." सासऱ्यांनी तेव्हा मान खाली घालून ऐकलं होतं.

आज मात्र डोक्यावरून पाणी गेलं. चादर हातात घेऊन ती तशीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या झाड तोडायला माणूस येतोय."

तिला वाटलं होतं, म्हातारा भांडेल. पण त्याचा चेहरा भ्यायल्यासारखा झाला. "एवढा बहर जाऊ दे, पोरी. पंधरा दिवस. मग खुशाल तोड."

"पंधरा दिवसांत हॉटेल हातचं जाईल. मग काय तुती विकून पोट भरायचं?"

नवरा इस्त्रीच्या टेबलापाशी गठ्ठे बांधत होता. त्याने नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हातारा हात टेकत उठला आणि भिंतीला पाठ लावून, आडवा चालत आत गेला. तिने कपाळावर हात मारला. म्हातारचळ, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी करवतवाला आला. दुपारपर्यंत नुसता बुंधा उरला. सासरे काही बाहेर आले नाहीत. तिने स्वतः तीन वेळा अंगण धुतलं, खराट्याने फरशी घासून काढली, वर फिनाइल मारलं. मग कितीतरी दिवसांनी पायरीवर बसून निवांत चहा घेतला. त्या दिवशी चादरी वाळल्या त्या दुधासारख्या. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने फोन करून चांगलं काम म्हणून सांगितलं. सुटलो एकदाचे, ती नवऱ्याला म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती मागच्या मोरीवर गेली. सासरे नळाखाली उकिडवे बसून घाईघाईने पायजमा चोळत होते. मागची बाजू लालच लाल. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"झाड गेलं तरी तुमची हौस फिटली नाही? आता कुणाच्या दारी जाऊन लोळलात तुतीत? आणि गार पाण्यात काय चोळत बसलाय? तुतीच्या डागावर उकळतं पाणी ओतायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं नाही. नळ तेवढा बारीक केला.

"उकळत्या पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो, पोरी," तो म्हणाला. "तुती होत्या तोवर तुला हे सांगावं लागत नव्हतं."