शेवटच्या थांब्यापुढे

नव्या गृहसंकुलापासून शेवटचा बसथांबा तीन किलोमीटरवर. बस पुढपर्यंत यावी म्हणून रहिवासी दोन वर्षं अर्ज करून करून थकले होते. त्यात त्याच मार्गावरचा एक ड्रायव्हरही होता.

त्या दुपारी त्याच्या बसमध्ये त्याचेच वडील होते, डोळ्याचं ऑपरेशन करून आलेले. शेवटच्या थांब्यावर ते दांडा चाचपडत उतरायला लागले, तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"अण्णा, बसून राहा," म्हणत त्याने गाडी पुन्हा सुरू केली.

"अरे, नोकरी जाईल!" कंडक्टर ओरडला.

"जाऊ दे. उरलेले चौघंही तिकडचेच आहेत."

संकुलाच्या गेटवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो डेपोतल्या सगळ्यांच्या फोनवर पोचला.

सकाळी डेपो मॅनेजरने ड्रायव्हरला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते.

"गेटसमोर गाडी एका दमात वळवलीस?"

"हो साहेब. चुकलं माझं."



"दोन वर्षं मी वर लिहून पाठवतोय की तिथे बस वळायला जागाच नाही," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "उद्या मला घेऊन चल."